साबणाचे वय

दाढीच्या साबणाची जुनी वाटी हाती आली, की झाकण उघडण्याआधी ती कानाशी धरून हलवावी. आत खुळखुळले तर समजावे, वडीतले बरेचसे पाणी उडून गेले आहे. कारखान्यातून निघते तेव्हा वडी वाटीच्या कडांना भिडलेली असते. वर्षे जातात तशी ती आतल्या आत आवळते, कडेने बारीक फट पडते, फट रुंदावते आणि कधीतरी वडी वाटीपासून सुटी होते. आवाज आला नाही, तर दोन शक्यता उरतात. एक तर झाकण फार घट्ट होते. नाहीतर साबण मुळातच पोलादी रुळांमधून पुन्हापुन्हा दळून, पापुद्रे काढून, शेवटी दाबून घडवलेला होता आणि त्यात गमावण्याजोगे पाणीच थोडे होते. इंग्रजी आणि फ्रेंच धाटणीच्या कडक वड्या या दुसऱ्या जातीच्या. इटलीत बोटाने दाबला तर खळगा पडावा इतका मऊ साबण करण्याची रीत आहे. त्याचे म्हातारपण सर्वांत आधी दिसते.

माझ्याकडे अशा वाट्या आणि वड्या आल्या त्या काकांच्या ट्रंकेतून. काका लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याला राहिले. कॅन्टीनमधून महिन्याचे सामान आणण्याची सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि त्या सामानात दाढीचा साबण असायचाच, घरातला संपलेला असो वा नसो. क्रीमच्या नळ्या आल्या, फेसाचे डबे आले, दुकानदार वड्या ठेवीनासे झाले, तसा त्यांचा साठा वाढत गेला. “पुढं मिळायचा नाही रे,” असे ते म्हणत. त्यात कुरकुर नसे. रसद तुटणार हे आधीच ओळखलेल्या माणसाची तयारी असे. ते गेल्यावर काकूंनी ट्रंक माझ्या हवाली केली. गोदरेजच्या गोल वड्या, कागदात गुंडाळलेल्या शेव्हिंग स्टिक, कुणा मित्राने विलायतेहून आणलेली यार्डलीची लाकडी वाटी आणि या सगळ्यांच्या मधोमध, लोकरी कपड्यांसाठी टाकलेल्या डांबरगोळ्या.

तेव्हापासून मी साबणाचे म्हातारपण जवळून बघतो आहे. साबण सगळाच्या सगळा एका चालीने जुना होत नाही. त्याचे अंग एका गतीने जुने होते, त्यातले पाणी दुसऱ्या गतीने आणि वास तिसऱ्याच गतीने.

अंगाचे म्हणाल, तर दाढीचा साबण नवल वाटावे इतका चिवट. त्याचे कारण तो ज्या कामासाठी घडवला जातो त्यातच आहे. आंघोळीच्या साबणाला फेस क्षणभर आला तरी पुरते. दाढीचा फेस दाट हवा, गालावर काही मिनिटे न विरता बसायला हवा आणि खालचे केस मऊ होईपर्यंत त्याने पाणी धरून ठेवायला हवे. म्हणून त्यात कॉस्टिक सोड्याच्या जोडीला कॉस्टिक पोटॅश घालतात, कारण पोटॅशचा साबण पाण्यात चटकन विरघळतो. आणि मेदाम्लांमध्ये स्टिअरिक आम्लाचा वाटा मोठा ठेवतात, कारण दाट आणि टिकाऊ फेस त्याच्यापासून येतो. या आम्लाच्या रेणूत १८ कार्बनची सरळ साखळी असते आणि तिच्यात एकही दुहेरी बंध नसतो. हवेतला प्राणवायू तेलातुपाला धरतो तो या दुहेरी बंधांच्या आसपास. स्टिअरिकमध्ये त्याला पकड मिळत नाही. फेस टिकावा म्हणून जे घातले, तेच वडीलाही टिकवते.

चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांची जोडणी आणि साबण करणे म्हणजे ती जोडणी सोडवणे, हे आपल्याला कळले ते मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञामुळे. प्राण्यांच्या चरबीवरचा त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी त्याने गे-ल्युसॅकबरोबर स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्त्यांचे पेटंट घेतले. शेव्हरल स्वतः १०२ वर्षे जगला; जन्मला तेव्हा फ्रान्सच्या गादीवर सोळावा लुई होता आणि वारला त्या १८८९ च्या वसंतात आयफेल टॉवर उभा राहिला होता. चिवट पदार्थांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला असे आयुष्य लाभावे याचे मला फार बरे वाटते.

साबण खवटतो तो उरलेल्या मेदाम्लांमुळे. चरबीत काय आणि पामतेलात काय, ओलेइक आम्ल बरेच असते आणि त्यात एक दुहेरी बंध असतो. लिनोलेइक आम्लात दोन असतात आणि ते ओलेइकच्या कितीतरी पट वेगाने बिघडते. प्राणवायू शिरला की एका रेणूचा बिघाड शेजारच्या रेणूत जातो, तिथून पुढच्यात. वडीवर नारिंगी ठिपके उमटतात, ठिपक्यांभोवती ओशट कडा येते, आणि डब्याच्या तळाशी महिनोन्‌महिने राहिलेल्या शेंगदाण्याच्या कुटाला येतो तो वास वडीला येऊ लागतो. लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश लागला असेल तर हे सगळे लवकर होते. म्हणून कारखानदार धातूंचे अंश बांधून ठेवणारे द्रव्य साबणात मिसळतात, आणि म्हणूनच गंजक्या पत्र्याच्या डबीत वडी ठेवू नये. बुरशीचे भय मात्र जवळजवळ नाही. साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो आणि कोरड्या, अल्कधर्मी वडीवर जगणे सूक्ष्मजीवांना जड जाते.

काकांच्या गोदरेजच्या वड्या मी भिंगाखाली धरून पाहिल्या. कडा पिवळसर झाल्या आहेत, पण ठिपका एकाही वडीवर नाही. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास ‘चावी’ हा साबण काढला, तेव्हा जनावराची चरबी पूर्ण वगळून वनस्पतींच्या तेलापासून तो केला होता. चरबीचा साबण अंगाला लावायला अनेक भारतीय मनांची तयारी नव्हती आणि त्यांना स्वदेशी पर्याय हवा होता. आज शंभर वर्षांनी, अगदी वेगळ्या कारणांनी, युरोपातले साबणवालेही त्याच वाटेवर आले आहेत. त्याबद्दल पुढे सांगायचे आहे.

पाण्याची गोष्ट हवेवर अवलंबून. देशावरच्या कोरड्या हवेत वडी आवळते, तडकते. कोकणात नेमके उलट घडते. ज्या साबणात ग्लिसरीन भरपूर राहू दिलेले असते, तो हवेतली ओल ओढून घेतो. देवगडला मावशीच्या न्हाणीघरात आषाढ-श्रावणात अशा वडीवर घामाचे थेंब उभे राहिलेले मी पाहिले आहेत. पुसावे तर पुन्हा येतात. ऊन पडू लागले की थेंब आपोआप जिरतात आणि वडीला काही झालेले नसते. खरा त्रास होतो तो आलटून-पालटून, एकदा ओल आणि एकदा कोरड, असे वर्षानुवर्षे चालले तर. मग पृष्ठभाग खरखरीत होतो, भेगा खोल जातात. लाकडाच्या वाट्यांना तर साबणापेक्षा जास्त सोसावे लागते, कारण लाकूड ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

वाळलेली वडी मेलेली नसते, हे मी साताऱ्याच्या एका सलूनमध्ये शिकलो. काकांच्या वयाचे न्हावी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. धोकटी घेऊन घरोघर जाण्याचा काळ त्यांनी पाहिला होता. वस्तरा चामोट्यावर ओढायला घेण्याआधी ते पितळी वाटीतल्या वडीवर कढत पाणी ओतून ठेवत. वस्तऱ्याला धार येईपर्यंत वडीचा वरचा थर पाणी धरून मऊ झालेला असे. “घाई करायची न्हाई. आधी वडीला पाणी पिऊ दे, मग ब्रश लाव,” असे ते मला सांगत. जुन्या कडक वडीशी वागण्याची याहून चांगली रीत नंतर कुठेही मला आढळलेली नाही. मऊ जातीचा साबण वाळून दगड झाला असेल, तर किसणीवर किसावा, चमचाभर गरम पाणी शिंपडावे, वाटीत अंगठ्याने दाबून बसवावा आणि रात्रभर झाकून ठेवावा. सकाळी तो बहुतेक माणसात आलेला असतो. फेस पूर्वीइतकाच दाट येतो, कधी किंचित अधिकच, कारण पाणी गेल्याने तेवढ्याच आकारात साबण जास्त उरलेला असतो.

आता वास. इथे मात्र काळ कुणाला सोडत नाही.

साबणात मिसळलेला सुगंध हा एक पदार्थ नसतो. पन्नास-शंभर पदार्थांचा तो मेळ असतो आणि त्यातला प्रत्येक जण आपापल्या वेळी निघून जातो. लिंबाच्या सालीतले लिमोनिन १७६ अंशांना उकळते, लव्हेंडरमधले लिनालूल १९८ ला. गवत वाळताना येतो तो कूमरिनचा वास. कूमरिन उकळायला ३०० अंशांच्या पुढे जावे लागते आणि साध्या तापमानाला तो घन असतो. चंदनातले सँटॅलॉलही ३०० च्याच घरातले. हलके आधी उडतात, जड मागे राहतात. म्हणून लिंबाचा साबण सर्वांत अल्पायुषी आणि चंदनाचा सर्वांत दीर्घायुषी. काकांच्या ट्रंकेतल्या लिंबाच्या बहुतेक स्टिक कागद सोडवल्यावर नुसत्या साबणाच्या वासाच्या निघाल्या. हिरवा रंगही फिकुटला होता. त्या एकेकाळी लिंबाच्या होत्या हे वेष्टनावरच्या चित्राने सांगितले.

उडून जाणे हे एक झाले. दुसरे अधिक वाईट आहे: साबण स्वतःच आपला सुगंध खात असतो. लव्हेंडर आणि बर्गामॉट या दोन्ही तेलांचा गोडवा बराचसा लिनालिल ॲसिटेट या एस्टरवर उभा असतो, आणि एस्टर म्हटला की अल्क त्याला फोडणारच. चरबी फोडून साबण करणारी जी क्रिया, तीच वडीच्या आत, उरल्यासुरल्या ओलीच्या मदतीने, सुगंधावर संथपणे चालू राहते. व्हॅनिलिन घातले असेल तर वडी तपकिरी पडते. त्यात बिघाड काही नसतो, पण पांढरीशुभ्र वडी गुळाच्या रंगाची झालेली बघून लोक ती फेकून देतात. सुगंधकाराला हे सगळे माहीत असते. साबणासाठी सुगंध रचताना त्याला अत्तराच्या बाटलीपेक्षा कितीतरी कठीण जागी आपली रचना ठेवायची असते, आणि ती पाच, दहा, वीस वर्षांनी कशी वागेल याचा अंदाज बांधायचा असतो. या कारागिरीबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. खरे तर लिहायला हवे.

यार्डलीची वाटी मी उघडली तेव्हा पहिले काही दिवस निराशाच होती. जुने लाकूड, धूळ, डांबरगोळी, एवढाच वास. साबण शेजाऱ्याचा वास घेतो. आपल्याकडे ठेवणीतल्या साड्यांत वड्या घालतात तेव्हा साबण देतो, आणि डांबरगोळ्यांच्या संगतीत राहिला की तेवढ्याच तत्परतेने घेतो. मी तरी दाढी करत राहिलो. रोज कढत पाणी, रोज ब्रश, रोज वरचा एक पातळ थर कमी. मग एका सकाळी फेसातून लव्हेंडर आले. अगदी नव्या वडीसारखे टवटवीत नव्हते. वरची धार गेलेली होती आणि मागे एक पिठूळ, किंचित औषधी, वाळल्या गवताकडे झुकणारा वास उरला होता. पण होते ते लव्हेंडरच. कडक, दळलेल्या वडीच्या अंतर्भागातून रेणू फार हळू बाहेर पडतात; बाहेरचा थर आपला सुगंध गमावतो आणि आतल्या थरांचे झाकण होऊन बसतो. ती वाटी संपेपर्यंत मी खालच्या, अधिक जुन्या हवेकडे जात राहिलो. काकांनी ती कधीच वापरली नव्हती. त्यांना त्या वासाची कल्पनाच नव्हती, या गोष्टीची चुटपुट मला अजून लागते.

जुन्या साबणाची ओढ लागण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते वडीच्या बाहेर घडते. दाढीच्या साबणाचा, सलूनचा म्हणून जो वास जगभर ओळखतात तो ‘फुजेर’ जातीचा: लव्हेंडर, कूमरिन आणि ओकमॉस. पॅरिसच्या हुबिगाँ या घराण्याने १८८२ मध्ये ‘फुजेर रॉयाल’ हे अत्तर काढले, त्यावरून ही जात पडली. त्यातला कूमरिन कारखान्यात तयार केलेला होता. ओकमॉस म्हणजे ओकच्या खोडावर वाढणारे, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातले शैवाक. ओल्या रानाचा, शाईचा, मातीचा असा त्याचा वास, आणि हलके सुगंध धरून ठेवण्याची त्याची ताकद मोठी. पण त्यात ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल हे दोन घटक असतात, आणि ते काही जणांच्या त्वचेला बाधतात. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने हे दोन्ही सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केले. २०२२ च्या मार्चपासून लिलिअलवर बंदी आली. फुलांचा तो स्वच्छ, धुतलेला वास असंख्य साबणांत होता. या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. कुणाच्या गालावर पुरळ उठवून मला माझा वास नको आहे. पण परिणाम असा, की ठरावीक सालाच्या आधी घडलेल्या वडीत जे आहे, ते त्याच नावाच्या आजच्या वडीत नाही.

चरबीचेही तेच. गाईंच्या मेंदूच्या रोगाने १९९६ मध्ये ब्रिटन हादरले. पुढच्या काळात तिथल्या अनेक साबणवाल्यांनी चरबी सोडून पामतेल धरले. जर्मनीचा ‘टॅबॅक’, १९५९ मध्ये निघालेला, बराच काळ चरबीला धरून होता. अलीकडे त्यानेही ती सोडली. श्टुटगार्टला असलेल्या माझ्या मावसभावाला हे कळले तेव्हा त्याने दुकानातून जुन्या कृतीच्या वड्या उचलल्या आणि फोन केला, “दादा, अजून घेऊन ठेवू का?” असे करणारे जगभर पुष्कळ आहेत. कपाटे भरून जुने साबण ठेवतात, हवाबंद डब्यांत, अंधारात, थंड जागी. ठेवण्याची रीत त्यांची अचूक आहे. उष्णता, उजेड आणि वारा या तिघांना दूर ठेवले, तर अंग दशकानुदशके जसेच्या तसे राहते.

पण ज्यासाठी ते हे करतात, तो वास तर डब्यातही थोडाथोडा जातोच आहे. मला या साठेबाजीतले प्रेम समजते आणि तरी ती पटत नाही. दाढीचा साबण असा पदार्थ आहे, की त्यातला सुगंध पूर्णपणे बाहेर यायला कढत पाणी लागते, ब्रशचे घुसळणे लागते, गालाची ऊब लागते. जड रेणू त्या उष्णतेशिवाय जागचे हलत नाहीत. कोरडी वडी नाकाशी धरून तिचा खरा वास कुणालाच कळत नाही. न वापरलेला साबण म्हणजे केवळ संभव आहे, आणि तो संभव वर्षाला थोडा थोडा कमी होतो. मावसभावाला मी म्हटले, घेतल्यास तेवढ्या पुरेत, आणि त्यातली अर्धी तू लाव.

चंदनाला मात्र मी वेगळा न्याय देतो. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानातले चंदन युरोपला जाईना आणि लाकडाचे ढीग साचू लागले, तेव्हा संस्थानाने १९१६ मध्ये चंदनाचे तेल स्वतः गाळायला सुरुवात केली. साबणही त्यातूनच पुढे आला. त्या काळापासून कित्येक दशके लंडनच्या दाढीच्या साबणांत जे चंदन असे, ते म्हैसूरकडचे. आज आपले चंदनाचे झाड संकटात आहे, आणि वेष्टनावर चंदन लिहिलेल्या पुष्कळ वड्यांत ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्या जातीचे तेल किंवा प्रयोगशाळेतले रेणू असतात. मुंबईच्या चोरबाजारात मला एक जुनी इंग्रजी चंदनवाटी मिळाली. वडी खुळखुळत होती, वर जाळीदार भेगा होत्या. पाणी ओतले आणि न्हाणीघर भरून गेले. त्या वासात आता टोक नव्हते, मसाल्याची जी पहिली झणझण असते ती गेली होती. उरले होते ते नुसते गाभ्याचे, दुधाळ, सहाणेवर उगाळल्यावर येते तसले चंदन. हलके पदार्थ गेल्यामुळे जे राहिले ते अधिक स्पष्ट झाले होते. नव्या वडीपेक्षा जुनी वडी सरस निघाल्याचा माझ्या अनुभवातला हा एकच प्रकार.

त्यामुळे काकांच्या आणि माझ्या साठ्याचा क्रम मी लावून टाकला आहे. ज्या स्टिकमध्ये लिंबाचा थोडाफार अंश शिल्लक आहे त्या आधी, कारण त्यांना थांबायला वेळ नाही. त्यानंतर लव्हेंडर. चंदन सर्वांत शेवटी. गोदरेजच्या गोल वड्यांना घाई नाही, पण ठेवून देण्याचेही कारण नाही. काकांच्या नातवाला यंदा दाढी फुटली. काकूंच्या देखत त्याला एक वडी दिली, ब्रश दिला, पाणी किती वेळ ठेवायचे ते दाखवले, आणि दाढी झाल्यावर वाटी लगेच झाकायची नाही, वाळू द्यायची, हे बजावले. “आणि संपली की सांग,” म्हटले, “ट्रंकेत अजून आहेत.”